अर्धा फोटो, पूर्ण उचल

१९७२ साली जॉन बर्जर या इंग्रज लेखकाला 'जी.' या कादंबरीसाठी बुकर पारितोषिक मिळालं. समारंभात आभार मानायच्या ऐवजी त्यानं पारितोषिक देणाऱ्यांचाच इतिहास काढला. बुकर मॅकॉनेल ही कंपनी शंभराहून जास्त वर्षं कॅरिबियन भागात धंदा करत होती, गयानात तिचे उसाचे मळे होते. तिथल्या आजच्या गरिबीचं मूळ याच धंद्यात आहे, असं तो तिथंच म्हणाला. रक्कम होती पाच हजार पौंड. निम्मी त्यानं ब्रिटनमधल्या ब्लॅक पँथर चळवळीला दिली आणि उरलेल्या निम्म्यातून युरोपातल्या स्थलांतरित मजुरांवर पुस्तक करायचं ठरवलं. ते १९७५ मध्ये आलं. 'अ सेव्हन्थ मॅन'. मजकूर बर्जरचा, फोटो जाँ मोर या स्विस छायाचित्रकाराचे.

म्हणजे परमुलखात कामाला जाणाऱ्या माणसावरचं एक फार महत्त्वाचं पुस्तक उसाच्या पैशावर निघालं. त्या मळ्यांत गुलामगिरी संपल्यावर १८३८ पासून आपल्याकडून माणसं नेली गेली. अॅग्रीमेंटचा अपभ्रंश गिरमिट, त्यावर अंगठा उठवणारा तो गिरमिटिया. बीड जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला हे सगळं परदेशी वाटत नाही. आमच्याकडे अजूनही दिवाळीच्या आसपास गावं रिकामी होतात. शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी या बालाघाटाच्या अंगाखांद्यावरच्या तालुक्यांतून ट्रॅक्टर-ट्रक भरून माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडे कर्नाटकात ऊस तोडायला जातात. मी शिरूर कासारचा. पुण्यात एका कंपनीत पेमेंट सेटलमेंटचं सॉफ्टवेअर लिहितो. 'अ सेव्हन्थ मॅन' मी मोबाइलवर वाचलं, फोटो बोटांनी मोठे करून करून. हे पुस्तक मला फार आवडलं आणि एका जागी ते मला पुरलं नाही. त्या जागेबद्दल लिहायचं आहे.

नावाचा उलगडा आधी. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनी आणि ब्रिटनमध्ये अंगमेहनतीच्या दर सात कामगारांमागे एक बाहेरून आलेला होता. हा तो सातवा माणूस. हंगेरियन कवी अत्तिला योझेफच्या 'सातवा' या कवितेचाही त्यात धागा आहे. पुस्तकाचे भाग तीन: निघणं, काम, परतणं. माणसाला नाव नाही. तुर्की, पोर्तुगीज, युगोस्लाव्ह, ग्रीक, सगळे मिळून एकच 'तो'. मध्येच आकडेवारी येते, मध्येच कवितेसारखा परिच्छेद, मध्येच पानभर फोटो. आपल्याकडच्या समाजशास्त्राच्या पुस्तकांत माणूस तक्त्याखाली दबतो आणि कथांमध्ये तक्ता गायब असतो. बर्जर दोन्ही एकाच पानावर ठेवतो आणि दोघांनाही एकमेकांकडे बघायला लावतो.

त्यातला इस्तंबूलचा भाग वाचताना मला पान उलटवेना. जर्मनीला जायला निघालेल्या तुर्की मजुरांची वैद्यकीय तपासणी चालू आहे. उघड्या अंगानं रांगेत उभे असलेले पुरुष, कातडीवर पेननं लिहिलेले आकडे. नापास झाला तो घरी. पुढे जिनिव्हाच्या रस्त्यांखाली बोगदा खणणारी माणसं आहेत. तेव्हाच्या स्वित्झर्लंडमध्ये हंगामी मजुराला वर्षात नऊ महिने राहायची परवानगी मिळायची, राहणं बराकीत, आणि बायको-पोरांना आणायला बंदी. हंगाम हा शब्द आमच्याकडे शेतीचा राहिलेलाच नाही, तो कारखान्याचा झालाय. 'औंदा हंगाम कधी?' याचा अर्थ गाळप कधी सुरू होणार. स्विस कायद्यातला 'हंगामी' हा शब्द मला भाषांतराशिवाय कळला.

पण पुस्तक डोक्यात राहिलं ते एका फोटोमुळे. पोर्तुगालमध्ये तेव्हा हुकूमशाही होती, देश सोडून जाणं बेकायदा. माणसं चोरवाटांनी स्पेन ओलांडून फ्रान्सला जायची. नेणारा वाटाड्या पैसे घेणार, आणि वाटेत डोंगरात सोडून पळून गेला तर काय? मग त्या माणसांनी युक्ती काढली. निघण्याआधी स्वतःचा फोटो काढायचा, तो मधोमध फाडायचा. एक तुकडा वाटाड्याकडे, एक आपल्या खिशात. फ्रान्सला सुखरूप पोचलं की आपला तुकडा टपालानं घरी धाडायचा. वाटाड्या त्याचा तुकडा घेऊन घरी येणार. दोन तुकडे जुळले तरच घरचे पैसे मोजणार.

माझ्या धंद्यात याला एस्क्रो म्हणतात. तुम्ही ऑनलाइन काही मागवता तेव्हा पैसे मध्ये कुठेतरी थांबतात, वस्तू पोचल्याची खूण मिळाली की पुढे जातात. आम्ही त्यासाठी सर्व्हर लावतो, ऑडिट लॉग ठेवतो. अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्यांनी तेच काम एका कागदावर केलं, आणि त्यात एक गोष्ट आमच्यापेक्षा चांगली केली. खूण कुणाकडे? तर घरच्यांकडे. वाद झालाच तर निकाल देणारा न्यायाधीश त्यांच्याच चुलीजवळच्या फळीवर ठेवलेला होता.

आता आमची उचल बघा. ऊसतोडीत पैसे आधी येतात. पावसाळ्यात, लग्नसराईत, दवाखान्याच्या बिलात माणूस अडकला की मुकादम उचल देतो. हल्ली जोडीमागे लाखाच्या आसपास, कधी त्याहून वर. ती फेडायची तोडलेल्या उसानं, टनावर. कारखाना वाहतूकदाराला पैसे देतो, वाहतूकदार मुकादमाला, मुकादम मजुराला. मजूर कारखान्याचा ऊस तोडतो, पण कारखान्याच्या कागदावर त्याचं नाव कामगार म्हणून नसतं. पोर्तुगीज माणसाचं देणं काम झाल्यावर सुरू व्हायचं. आमच्या माणसाचं काम देण्यातूनच सुरू होतं.

या व्यवहाराचा कागद असतो. आमच्या भागात मी असे तीन-चार वाचले आहेत आणि मला ते साहित्यप्रकार म्हणून वाचावेसे वाटतात. (आमचं अंबाजोगाई आद्यकवी मुकुंदराजांचं. मराठीतल्या पहिल्या ग्रंथाचा मान सांगणाऱ्या जिल्ह्यात आज सगळ्यात जास्त लिहिला जाणारा गद्यप्रकार उचलीचा स्टॅम्पपेपर असावा, असं मला गमतीनं वाटतं. गंमत फार वेळ टिकत नाही.) मी पाहिलेल्या कागदांत ऊस हा शब्द एक तर येत नाही, नाहीतर शेवटाकडे ओझरता येतो. 'घरगुती अडचणीपोटी हातउसने' अशी भाषा. लिहून देणार, लिहून घेणार, साक्षीदार. लिहून देणारा काय काम करणार, किती तास, कोणत्या दरानं, आजारी पडला तर काय, यातलं अक्षर नाही. म्हणजे कामाचा करार कर्जाच्या कथेत लपवलेला. कथेत निवेदक महत्त्वाचा, असं समीक्षेत शिकवतात. इथे 'मी लिहून देतो की' असं प्रथमपुरुषी निवेदन आहे आणि त्यातलं एकही वाक्य त्या 'मी'चं नाही. त्याचा फक्त अंगठा आहे. शेवटी आधार कार्डाची झेरॉक्स जोडलेली असते. तिच्यावर फोटो असतो, पूर्ण, आणि तो मुकादमाच्या फायलीत जातो.

बर्जरनं पुस्तकाच्या सुरुवातीलाच सांगून टाकलंय की हे पुरुषांबद्दल आहे. स्थलांतरित बायकांचा अनुभव लिहायचा तर त्याचं वेगळं पुस्तक होईल, असं तो म्हणतो. प्रामाणिक आहे, पण बीडमधून वाचताना ही सवलत देता येत नाही. कारण आमच्याकडे मजूर मोजायचं एककच 'कोयता' आहे, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको. एकटा असेल तर अर्धा कोयता. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवते, त्याआधी पहाटे उठून भाकरी केलेल्या असतात. उचल नवऱ्याच्या नावावर. कागदात ती कुठेच नसते. एक दिवस काम बुडालं तर त्याला खाडा म्हणतात आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीत दुखत असो, ताप असो, खाडा तो खाडा.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या आल्या तेव्हा सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली निघाली. भागाकार केला तर जवळजवळ सहामागे एक. बर्जरकडे सातवा माणूस, आमच्याकडे सहावी बाई. याची कारणं एकच एक नाहीत. कोपीवर न्हाणीघर नाही, संडास नाही, दुखणं अंगावर काढायचं, मग भीती घालणारा खाजगी दवाखाना, आणि या सगळ्यामागे खाड्याचा हिशोब. इस्तंबूलला सरकारी डॉक्टर शरीर तपासून कामाला लायक ठरवायचा. इथे शरीर कामाला लायक ठेवायची जबाबदारी बाईनं स्वतःच्या खर्चानं उचलली, आणि त्या ऑपरेशनचे पैसेही अनेकदा पुढच्या उचलीतूनच आले.

बायकोला बरोबर नेता येणं ही स्विस मजुराला न मिळालेली मुभा होती. आम्हाला ती पहिल्यापासून आहे. तिचा अर्थ मात्र वेगळा निघाला.

हे वाचताना मला अण्णा भाऊ साठ्यांची 'माझी मैना गावाकडे राहिली' ही छक्कड आठवत राहिली. गावाकडे बायको सोडून मुंबईला आलेल्या माणसाची तगमग शेवटी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याला जाऊन मिळते, आणि मैना म्हणजे तिकडे राहिलेला बेळगाव-कारवार-निपाणीचा मुलूख होते. विरहाच्या गाण्यातून राजकीय मागणी काढणं ही केवढी मोठी उडी आहे! आमची मैना मात्र गावाकडे राहत नाही. ती कोयत्याचा अर्धा भाग असते. आणि ज्या निपाणी-चिकोडी-अथणीसाठी ते गाणं हळहळतं, तिथेच ती पाच महिने उसाच्या फडात असते. सीमावादाच्या साठ-सत्तर वर्षांत दोन्ही बाजूंनी मराठी माणसाबद्दल पुष्कळ भाषणं झाली. दर हंगामात सीमा ओलांडणारा हा मराठी माणूस त्यांत मला कुठे भेटला नाही.

सीमेपलीकडे मिसळून जाणं म्हणजे काय, याची त्याची व्याख्या साधी आहे. किराणा दुकानदार उधार देतो का. रात्री पोर फणफणलं तर डॉक्टरला कानडीत सांगणारा कुणी आहे का. फडमालक विहिरीवर पाणी भरू देतो का. माझी चुलती, आम्ही तिला काकू म्हणतो, अथणीकडच्या सहा हंगामांत बाजारापुरतं कानडी शिकली. 'नीरु' म्हणजे पाणी हा तिचा पहिला शब्द. पोरांची शाळा मात्र दोन्हीकडे नसते. इथल्या हजेरीपटावर नाव, तिथे कोपीत पोर. हंगामी वसतिगृहं आहेत, आजी-आजोबांजवळ ठेवायचीही सोय असते कुणाकुणाची. तरी ज्याच्या घरी म्हातारं माणूस नाही त्याचं पोर वाढ्यांच्या भाऱ्यावर बसून निघतंच.

सीमा खरी दिसली ती २०२० मध्ये. टाळेबंदीत साखर कारखान्यांवर माणसं अडकली. १७ एप्रिलला राज्य सरकारनं ३८ कारखान्यांच्या निवाऱ्यांत असलेल्या सुमारे १ लाख ३१ हजार ऊसतोड मजुरांना तपासणी करून गावी जायची परवानगी दिली. राज्याबाहेर असलेल्यांचा प्रश्न दोन सरकारांचा झाला, आणि अडकलेल्या मजुरांच्या आंतरराज्य प्रवासाची केंद्राची परवानगी आली २९ एप्रिलला. एकाच गावातल्या, एकाच मुकादमाच्या दोन टोळ्या, एक सांगलीकडे आणि एक अथणीकडे, यांच्यात हे बारा दिवस पडले.

आता बांधकामाकडे येतो, कारण काका-काकूंनी दोन वर्षं ऊस सोडून ते करून पाहिलं. पुण्याच्या पश्चिमेला आयटी पार्कच्या मागे टॉवर उठत होते, तिथल्या पत्र्याच्या खोल्यांत ते राहिले. शेजारी बिहारचे, ओडिशाचे, छत्तीसगडचे लोक. पुण्यात अशा वस्त्या कशा उभ्या असतात हे २९ जून २०१९ ला कोंढव्यात दिसलं. सोसायटीची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि पंधरा माणसं मेली, बहुतेक बिहारची.

बांधकामात पैशाचा क्रम उलटा आहे. आधी काम, मग पैसे. दर आठवड्याला किराण्यापुरती 'खर्ची' मिळते आणि बाकी रक्कम काम संपल्यावर हिशोब करून. उचल नाही, स्टॅम्प नाही, डोक्यावर कर्ज नाही. वर मी पोर्तुगीज माणसाचं जे कौतुक केलं तो क्रम जवळजवळ हाच की. मग इथे मजूर मोकळा हवा होता. तो नव्हता. स्लॅब पडला, ठेकेदारानं मोजमाप कमी धरलं, खर्चीचे आकडे जास्त लावले, आणि फोन बंद. हा कुठला ठेकेदार ते सांगण्यात अर्थ नाही, साइटवर अशी गोष्ट प्रत्येकाकडे एक असते. उसात वहीत तुमच्या नावावर देणं असतं, बांधकामात येणं असतं. वही दोन्हीकडे मधल्या माणसाच्याच खिशात. पैसे आधी की नंतर, यानं छळाचा प्रकार बदलतो. पुरावा कुणाजवळ आहे, यानं निकाल बदलतो.

आपल्या न्यायव्यवस्थेत मधल्या माणसाचा हा खिसा एकदा उलटा करून दाखवला गेला आहे. बर्जरच्या पुस्तकानंतर सात वर्षांनी, १९८२ मध्ये, दिल्लीत एशियाडची स्टेडियमं बांधली जात होती. किमान वेतन होतं दिवसाला ९ रुपये २५ पैसे. ते मजुरांना थेट न देता जमादारांमार्फत दिलं जायचं, आणि जमादार एक रुपया कापून घ्यायचा. सव्वाआठ रुपये हातात. सर्वोच्च न्यायालयानं पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्सच्या याचिकेवर निकाल देताना किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं ही घटनेच्या २३ व्या कलमाखाली सक्तीची मजुरीच आहे, असं म्हटलं. गरज हीसुद्धा बळजबरी असू शकते, हा त्या निकालाचा गाभा. त्या एका रुपयावर मी वाचलेलं सगळ्यात चांगलं गद्य त्या निकालपत्रात आहे. विद्यापीठांत ते साहित्य म्हणून शिकवत नाहीत, हा भाग सोडा.

'अ सेव्हन्थ मॅन' मला जिथे पुरत नाही ती जागा इथेच आहे. निघणं, काम, परतणं, या तीन भागांच्या मध्ये आमच्याकडे आणखी एक भाग असतो: हिशोब. बर्जरच्या जगात कारखान्याचं पाकीट दर आठवड्याला मिळतं. ते कमी असतं, अपमानाचं असतं, पण ते आहे की नाही यावर वाद नसतो. त्यामुळे त्याच्या पुस्तकात एकटेपणा अप्रतिम येतो, व्यवस्था स्पष्ट दिसते, आणि भांडण फारसं येत नाही. आमच्या स्थलांतरात एकटेपणा कमी, भांडण जास्त. पट्टा पडला, कारखाना बंद झाला, की गावात आल्यावर आठवडाभर पारावर नुसते हिशोब चालतात. किती खेपा, किती टन, किती खाडे, किती किराणा, किती फिटली, किती अंगावर राहिली.

काकूला लिहिता येत नाही. एका हंगामात तिनं पिठाच्या डब्याच्या झाकणावर खिळ्यानं रेघा ओढून खेपा मोजल्या. मुकादमाच्या वहीत तिच्यापेक्षा अकरा खेपा कमी निघाल्या. काका म्हणाले, जाऊ दे. ती झाकण घेऊन पारावर गेली. तिथे गावातली चार वजनदार माणसं मध्यस्थीला बसली होती, त्यांत एक निवृत्त गुरुजी. मुकादमही गावचाच, आमच्याच भावकीत देणं-घेणं असलेला. तो खोटारडा होता असंही मी म्हणणार नाही. त्याच्या डोक्यावर वाहतूकदाराची उचल होती, आणि त्याच वर्षी दोन जोड्या पैसे घेऊन पळाल्या होत्या, म्हणजे त्याचंही कुणीतरी बुडवलं होतं. गुरुजींनी दोघांचं ऐकलं, झाकण हातात घेऊन पाहिलं, वहीपण पाहिली आणि म्हणाले, "निम्म्यावर मिटवा. साडेपाच धरा."

मध्यस्थीचं आपलं सगळं शहाणपण या निम्म्यावर मिटवण्यात आहे आणि तिची सगळी अडचणही त्यातच आहे. अर्धी खेप कुणी टाकतं का? खेप एक तर झाली असते किंवा झाली नसते. निम्मं हा आकडा काय घडलं यातून येत नाही, गावात दोघांना उद्या एकमेकांचं तोंड बघायचंय यातून येतो. ते महत्त्वाचं आहे, मी नाकारत नाही. कोर्टात गेले असते तर काकूच्या झाकणाला तारखेमागून तारीख मिळाली असती. पण ज्याच्याकडे वही आहे त्याला निम्म्याचा नियम माहीत असला, तर अकरा खेपा कमी लावण्यात त्याचं काहीच जात नाही. पकडलं गेलं तर साडेपाच, नाही पकडलं तर अकरा. कोडमध्ये असा नियम दिसला तर आम्ही त्याला सरळ बग म्हणतो.

राज्य पातळीवर याच गोष्टीला लवाद म्हणतात. गोपीनाथ मुंड्यांच्या काळापासून ऊसतोड मजुरीचा दर कारखान्यांचा संघ आणि मजुरांच्या संघटना यांच्यात वाटाघाटींनी ठरत आलाय. संप, कोयता बंद, मग बैठक. ऑक्टोबर २०२० मध्ये पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये शरद पवारांच्या उपस्थितीत पंकजा मुंडे आणि जयंत पाटील यांच्या लवादानं सरासरी १४ टक्के वाढ मान्य केली. जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा बैठक, ३४ टक्के वाढ, तीन वर्षांसाठी. ही वाढ खोटी नाही, त्या वर्षी आमच्याकडे पेढे वाटले गेले होते. पण लवादाचा विषय काय, ते बघा. टनाचा दर आणि मुकादमाचं कमिशन. कमिशन मजुरीवर टक्क्यांनी, एकोणीस-वीस टक्के. म्हणजे दर वाढवण्यात मजूर आणि मुकादम यांचा फायदा एकाच दिशेला, म्हणून दोघं टेबलाच्या एकाच बाजूला बसतात, पुष्कळ संघटनांच्या नावातच दोघं एकत्र आहेत. आणि टन किती झाले, खाडे किती लागले, उचल किती फिटली, हा जो खरा वाद, त्यात हेच दोघं समोरासमोर. त्यासाठी टेबलच नाही. तिथे पार आहे आणि गुरुजी आहेत.

खरं तर हे टेबल कागदावर मांडलं गेलं होतं. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा काढून वाचा, मोबाइलवर पंधरा मिनिटं लागतात. ठेकेदारानं दुसऱ्या राज्यात नेलेल्या प्रत्येक मजुराला पासबुक द्यायचं. त्यावर मजुराचा फोटो. आत कामाची जागा, मुदत, मजुरीचा दर, ती कशी देणार, कपाती किती. हे हिंदी-इंग्रजीत, आणि मजुराची भाषा वेगळी असेल तर त्याच्या भाषेतसुद्धा. शिवाय घर सोडल्याबद्दल विस्थापन भत्ता, महिन्याच्या मजुरीच्या निम्मा किंवा ७५ रुपये, यांतला जो जास्त तो. आणि कायदा स्पष्ट म्हणतो की हा भत्ता मजुरीच्या वर आहे आणि परत करायचा नाही. निघण्याआधी मिळणारी, कधीच न फेडायची रक्कम! उचलीचा संपूर्ण उलटा अर्थ कुणीतरी दिल्लीत बसून चाळीसेक वर्षांपूर्वी लिहून ठेवला होता. २०२० च्या नव्या श्रमसंहितेनं हा कायदा स्वतःत सामावून घेतला आणि विस्थापन भत्ता गाळला. ज्या गोष्टीचा कुणालाच पत्ता नव्हता ती गेल्याचं कुणाला कळलं नाही.

मधल्या काळात ग्रामसेवकांमार्फत नोंदणी करून ऊसतोड कामगारांना ओळखपत्र द्यायचं काम राज्यानं काढलं. त्यावरही फोटो आहे. ओळखपत्र तुम्ही कोण आहात ते सांगतं. तुमचं कुणाकडे किती निघतं, ते त्यात लिहायला जागा नाही.

गेल्या उन्हाळ्यात गावी गेलो तेव्हा काकूला फाडलेल्या फोटोची गोष्ट सांगितली. तिला ती एका झटक्यात कळली. "झाकणावानीच की," म्हणाली. मग मी पासबुकाचं कलम मराठी करून वाचून दाखवलं. फोटो, दर, मुदत, कपाती. ती ज्वारी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं, सुपातले खडे बाजूला सारले आणि विचारलं, "त्या बुकावर फोटू कुणाचा लावायचा रं बाळा? एकट्या ह्यांचा, का दोघांचा?"